धुरपदाआत्याचे बोट

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात राहणाऱ्या वैजयंतीचे काम दिलेला शब्द किती पाळला जातो, ते मोजण्याचे होते. केळीचे रोजचे भाव मोबाईलवर दाखवणाऱ्या एका लहान कंपनीत ती नोकरीला होती. ‘शंभरदा ॲप उघडले, तर नव्व्याण्णवदा भाव दिसलाच पाहिजे’ हे उद्दिष्ट तिनेच ठरवले होते, आणि ते दरमहा पुरे होत होते.

सुट्टीच्या दिवशी ती दापोऱ्याला आत्याकडे गेली. नवरा गेल्यापासून बावीस वर्षे बाग धुरपदाआत्याच सांभाळत होती. घड कधी उतरवायचे, ते तिच्याच तोंडून ठरे. सकाळी सातला आत्याने भाव पाहायला मोबाईलवर वैजयंतीच्याच कंपनीचे ॲप उघडले. पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. आत्याने बोट पदराला पुसले, पुन्हा टेकवले. पुन्हा पुसले.

“माझ्या बोटाचाच दोष, बाई. केळीच्या चिकानं पार लाकूड झालं. पोरगा ललित म्हणतो, राहू दे माय, मी पाहत जाईन. त्यालाच सोपवते आता. बागही.”

“बाग कशाला?”

“भाव ज्याच्या हाती, कोयता त्याच्या हाती.”

चाळीस सेकंदांनी भाव उमटला. वैजयंती ओशाळली. तिच्या मोजणीत हेही यशच धरले जाणार होते. उत्तर आले का, एवढेच ती विचारत आली होती; किती उशिरा आले आणि कोणत्या घडीला, हे नाही. दुपारच्या निवांत तासांनी सकाळची लाज झाकली होती.

“आत्या, दोष बोटाचा नाही, माझा आहे. पंधरा दिवस थांब.”

“पंधराच हां!”

दुसऱ्या दिवशी तिने नवे उद्दिष्ट मांडले: सकाळी सहा ते नऊ, शंभरातून नव्व्याण्णवदा, तीन सेकंदांच्या आत. या मापाने मागचा महिना एकसष्टावर आला.

मालक सुधाकर वैतागले. “मॅडम, हिरवा बोर्ड लाल केला तुम्ही! एक शिकायत नाही कुणाची.”

“कशी येणार, सर? लोक स्वतःच्याच बोटाला दोष देतात.”

सुधाकरांनी लाल आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, “करा दुरुस्त.” भाव अडवून आधी उतरणारी जाहिरातींची चित्रे तिने भावाच्या मागे ढकलली.

सोळाव्या सकाळी ती पुन्हा दापोऱ्यात होती. आत्याने बोट टेकवले आणि सवयीने पुसायला पदर धरला, तोच भाव समोर आला. पदर हातातच राहिला. तिने बोटाकडे नीट पाहिले. काळे, खरखरीत, तेच.

मग बागेकडे तोंड करून हाक दिली, “ललित, कोयता आण रे. आज दोनच ओळी उतरवायच्या!”