देवाच्या पाळण्याचा गोफ

अकरा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. उत्तरेत, लष्कर भागात, आमच्या घरामागे बेलाचं झाड होतं. श्रावणी सोमवारची पानं सोवळ्यातच काढायची, हा काकांचा नियम. त्या वर्षी काकांचं पोट न पेलून शिडीच मोडली, म्हणून मान माझ्याकडे आला. मी रेशमी परकर नेसून अशी मिरवले, जसं काही संस्थानच मिळालं. त्यांना वानर हवं होतं, एवढंच.

चढायला माळीबाबांनी शिकवलं होतं. ते तागाचा जाड दोर वरच्या फांदीवरून टाकून बुंध्याला बांधत. त्या दोराला बारीक दोरीचे पाच वेढे द्यायचे आणि तिची टोकं कमरपट्ट्याला बांधायची. अंग टाकलं की वेढे दोर पकडतात, भार काढला की वर सरकतात. बारीक दोरी मात्र जुनी, मऊ, सुती हवी.

काका म्हणाले, माळ्याच्या हातची सुती दोरी ओवळी, रेशीम घे. आणि त्याच माळ्याने टाकलेला जाड दोर? तर ताग म्हणे बाटत नाही!

मी वाद घातला असेल असं वाटतं ना? छे. देवाच्या पाळण्याचा लाल गोफ पळत जाऊन आणला, परकराला शोभत होता म्हणून. माळीबाबा हळूच म्हणाले, "बिटिया, ये फिसलेगा. मेरी वाली ले लो." मी नाक मुरडलं.

पुरुषभर उंची गाठली आणि वेढे धरेनात. दोराला मिठी मारून सरळ खाली आले, दोन्ही तळहात सोलून. काका धावले, गोफ उचलून गोंडा झटकला. "देवाची वस्तू मळवलीस." माझ्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा मात्र डोकं फिरलं. हातांना चिंध्या गुंडाळल्या, माळीबाबांची दोरी मागून घेतली, पाच वेढे दिले आणि चढले. ओचा पानांनी भरला. खाली सगळे उपाशी, पूजेआधी फराळ नाही.

"काका, दोरी माळीबाबांची आहे. चालत नसेल तर पानं इथेच राहू देते."

काकांनी वर पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. साबुदाण्याच्या खिचडीचा वास सुटला होता.

"झाडावर विटाळ नसतो," ते म्हणाले. "टाक."

हा नियम माझे हात सोलायच्या आधी कुठे होता, हे विचारायचं राहूनच गेलं. ओचा नेमका त्यांच्या टकलावर रिकामा करायच्या नादात होते ना मी.