सुनंदाताईंची पाहणी

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर, रसायन कारखान्यांच्या त्या बेटावर, माझ्या नोकरीचा तो दुसरा आठवडा होता. एक पाइप उघडून दुरुस्त करायचा होता. तसं करण्याआधी, पाइप रिकामा आहे आणि व्हॉल्व्ह बंद आहे, असं कुणीतरी सही करून लिहून द्यावं लागतं. कंत्राटदाराचा माणूस घाईत होता, मी एसीत बसले होते, आणि मी सही करून टाकली. शेजारच्या टेबलावरच्या बाई उठल्या, माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "हेल्मेट घे." भर दुपारी त्यांनी मला सगळा प्लांट ओलांडून चालवलं, लोखंडी जिन्याने तीन मजले चढवलं आणि त्या व्हॉल्व्हवर हात ठेवायला लावला. व्हॉल्व्ह बंदच होता. कुलूपही होतं. मला वाटलं, आता माफी मागतील. "आता कर सही," त्या म्हणाल्या. "सही म्हणजे मी तिथे होते, असं सांगणं. तू नव्हतीस."

या सुनंदाताई वाघमारे. कारखान्यांच्या सुरक्षेच्या इंजिनिअर. पुढे सहा वर्षं आम्ही जुरोंग ईस्टहून कंपनीच्या बसने एकत्र गेलो. बुटक्या, केस बारीक कापलेले, डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि कसलीतरी चटणी. त्यांना एक शब्दप्रयोग सहन होत नसे, 'करण्यात येईल'. मीटिंगमध्ये कुणी इंग्रजीत त्याच अर्थाचं बोललं तरी त्या पेन खाली ठेवत. "कोण करणार? माणसाचं नाव सांगा. नाव नसलं की ते काम कुणाचंच नसतं."

त्यांचे वडील गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, रंगाच्या कारखान्यात कामाला होते. "बाबांच्या उशीचा अभ्रा कधी जांभळा असायचा, कधी निळा," ताईंनी एकदा बसमध्ये सांगितलं. "आई अभ्रा बघून ओळखायची, सध्या कुठला माल चाललाय." पन्नाशी ओलांडायच्या आत वडिलांची फुप्फुसं निकामी झाली आणि ते गेले. दवाखान्याच्या कागदावर कारण लिहिलं होतं, विडीचं व्यसन. "बाबांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. लिहिणाऱ्याने विचारलंसुद्धा नाही." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. त्या खिडकीबाहेर टाक्यांच्या रांगांकडे बघत होत्या. मला तेव्हा कळलं की या बाई रोज इथे कुणासाठी येतात.

एका वर्षी महाराष्ट्रातले एक मंत्री शिष्टमंडळ घेऊन सिंगापूरला आले. हॉटेलच्या हॉलमध्ये आम्हा मराठी लोकांची सभा झाली. तुमचं ज्ञान मातृभूमीला द्या, सरकार तुमच्यासाठी दार उघडतंय, असं भाषण झालं आणि परदेशस्थ तज्ज्ञांसाठी एक योजना जाहीर झाली. बाकीचे फोटोच्या रांगेत लागले. सुनंदाताई कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन फॉर्म भरत बसल्या. फॉर्मवर पहिली तीन पानं गुंतवणुकीची होती. कौशल्यासाठी शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. त्यांत त्यांनी लिहिलं, 'धोकादायक रसायनांच्या कारखान्यांची पाहणी. माझ्या जिल्ह्यात. मानधन नको.' त्यांची मुलगी सिया तेव्हा कॉलेजात होती. ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "ममी, दे वोंट कॉल वन लाह." ताई म्हणाल्या, "मग मी करेन कॉल."

आणि त्या खरंच करत राहिल्या. जवळजवळ वर्षभर दर महिन्याला एक मेल, एक फोन. शेवटी बोलावणं आलं. त्यांनी आपली वार्षिक रजा टाकली. मी त्याच सुमारास पुण्याला घरी होते. म्हणाल्या, "दोन दिवस ये. चार डोळे बरे."

चार कारखाने पाहायचे होते. तीन बरे म्हणावे असे होते. चौथ्यात कीटकनाशकाला लागणारं एक रसायन बनत असे. ते ज्या बंद भांड्यात बनतं, ते आतल्या आत तापत जातं, म्हणून त्याच्याभोवती सतत गार पाणी खेळवावं लागतं. पाण्याचा पंप विजेवर. ताईंनी विचारलं, वीज गेली तर? मॅनेजरने अभिमानाने जनरेटर दाखवला. ताई त्याच्या तारेमागे चालत गेल्या. ती तार पंपाकडे नाही, ऑफिसात गेली होती.

तिथे संतोष नावाचा ऑपरेटर होता. तिशीतला, हसरा, शर्टाच्या खिशात टेस्टर. मॅनेजर फोनवर बोलायला बाजूला गेला तसं ताईंनी त्याला विचारलं, "लाईट गेली की तुम्ही काय करता?"

"बाहेर पळतो, मॅडम. लाईट आली की परत आत."

"किती वेळा जाते?"

"पावसाळ्यात काय, रोजच."

"हे बघा, भांडं एकदा तापलं की लाईट आली म्हणून लगेच गार होत नाही. खरा धोका तेव्हाच असतो. लाईट आली तरी आत जायचं नाही. गेटबाहेर थांबायचं."

"मग सुपरवायझर ठेवेल होय कामावर?" तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही वर सांगणार ना?"

"नुसतं सांगणार नाही. लिहून देणार."

त्यांनी अहवाल मराठीत लिहिला, कामगारांना वाचता यावा म्हणून. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत चौथा कारखाना होता. 'पाण्याच्या पंपाला स्वतंत्र वीज मिळेपर्यंत हे काम बंद ठेवावं.' तो घेऊन आम्ही ताईंना बोलावणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. साहेब अगदी सौजन्याने बोलले. चहा झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटोग्राफर आधीच बोलावून ठेवला होता. साहेब म्हणाले, "अहवालावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल." ताईंनी खांद्यावरची शाल सारखी केली. "कोण करणार, साहेब? नाव सांगा." सगळे मनापासून हसले. साहेबही हसले. नाव मात्र कुणी सांगितलं नाही.

परतल्यावर त्यांनी मेल सुरू ठेवले. उत्तरं येत. एकात आभार होते, एकात मानपत्र, तर एकात मातृभूमीच्या ऋणाबद्दल दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायची विनंती. पंपाबद्दल एका अक्षराने कुणी काही लिहिलं नाही.

सात महिन्यांनी एका सकाळी आमची बस आयलंडच्या चेकपॉइंटवर पास तपासणीला थांबली होती. माझ्या फोनवर बातमी आली, त्या चौथ्या कारखान्यात स्फोट, चार कामगार ठार. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "वीज गेली होती का?" बातमीत ते नव्हतं. त्यांनी गावाकडे एकाला फोन लावला. वीज गेली होती. सगळे पळून बाहेर आले होते. लाईट आल्यावर संतोष आणि त्याच्या पाळीतले आणखी तिघे आत गेले. पहारेकरी आमच्या खिडकीशी येऊन पास मागत होता, आणि ताईंना गळ्यात लटकलेला पास सापडत नव्हता.

दोन दिवसांनी सरकारी खुलासा आला. 'सदर कारखान्याची पाहणी सिंगापूर येथील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांकडून सात महिन्यांपूर्वीच करून घेण्यात आली होती.' सोबत फोटो, शाल पांघरलेल्या सुनंदाताईंचा. मी त्या वाक्यात खोटं शोधत राहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

ताईंनी अहवालाची प्रत चौकशी समितीला पाठवली. उत्तर आलं, असा अहवाल कार्यालयाच्या नोंदीत आढळून येत नाही. त्यांनी पुन्हा पाठवली. प्रत प्रमाणित नसल्याने विचारात घेता येत नाही. त्यांनी विचारलं, प्रमाणित कोण करतं? ज्या कार्यालयात तो नव्हता, तेच. त्यांनी साक्ष द्यायला स्वखर्चाने येण्याची तयारी कळवली. त्यावर काहीच आलं नाही. वर्तमानपत्रांना लिहिलं. एकाने आतल्या पानावर चार ओळी छापल्या, त्यातही त्यांचं आडनाव चुकलं होतं.

शेवटी कुणी न बोलावता त्या गेल्या, संतोषच्या घरी. परत आल्याला आठवडा झाला. मग एका संध्याकाळी जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांमधल्या एका टेबलावर, समोरची कॉफी निवत असताना, सांगायला लागल्या.

"त्याच्या बायकोने चहा केला माझ्यासाठी. दूध शेजारून आणलं. मला वाटत होतं ती शिव्या देईल. मी तयारी करून गेले होते, मेघना. ती म्हणाली, ताई, तुम्ही येऊन गेलात तेव्हा ते फार खूश होते. म्हणाले, सरकारनेच सिंगापूरहून मॅडम आणल्यात, आता सगळं नीट होणार. तिच्या भावाने गोदामात काम बघून ठेवलं होतं. हा जाणार होता, पुढच्याच महिन्यात. मी येऊन गेल्यावर म्हणाला, आता कशाला जायचं?"

मी म्हणाले, "ताई, तुमचा काय दोष यात?"

"दोषाचं कोण बोलतंय? मी गेले नसते, तर तो आज गोदामात खोकी उचलत असता. एवढंच."

शेजारच्या टेबलावर एक म्हातारी सूपचे वाडगे गोळा करत होती. ताईंनी आपला भरलेला कप उचलून तिच्या ट्रेमध्ये ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी आयलंडवरची नोकरी सोडली. शहरात, आंग मो किओला, एका ऑफिसात त्या सूचनापुस्तिका तपासायचं काम करू लागल्या. पाहणीला जायचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही. आमच्या नव्या मुलांना काही शिकवायला या म्हटलं, तर म्हणाल्या, "तू शिकव. तुला येतं."

मग एके दिवशी फोन आला. "उद्या मोकळी आहेस? दिलीपला सुट्टी नाहीये." सियाने आणि दिलीपने, म्हणजे ताईंच्या नवऱ्याने, वर्षानुवर्षं गळ घातली तरी ताईंनी इथलं नागरिकत्व घेतलं नव्हतं. आता घेतलं होतं, आणि भारतीय पासपोर्ट जमा करायचा होता. मी सोबत भारतीय उच्चायुक्तालयात गेले. खिडकीमागचा मुलगा आपल्याकडचाच, कामात चोख. त्याने पासपोर्टची पानं चाळली, रद्दचे शिक्के मारले. मग हसून म्हणाला, "मॅडम, ओसीआयचा फॉर्म घेऊन जा, म्हणजे भारतात कधीही जाता-राहता येतं. सगळेच घेतात."

"नको," ताई म्हणाल्या.

"राहू द्या जवळ. पुढे वाटलं तर."

"नाही वाटणार."

बाहेर ऊन रणरणत होतं. आम्ही बसस्टॉपवर येऊन बसलो. रद्द झालेला पासपोर्ट त्यांनी पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसून राहिल्या. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. मी घरी जाऊ या म्हणणार होते, तेवढ्यात त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"आता माझ्या भरवशावर तिथे कुणी थांबणार नाही."