गायकवाडबाईंचा शेरा

कासारवाडीच्या एका शाळेत एकतीस वर्षं खडू झिजवलेल्या गायकवाडबाईंकडे नव्या शिक्षकांना तयार करायचं काम होतं, आणि यंदाची मिनल त्यांच्या डोक्यात गेली होती. पोरीने वर्गाच्या भिंतीवर चक्क मुलांच्या वडिलांच्या शिफ्टचा तक्ता लावला होता. बाप नाइट करून घरातल्या एकुलत्या एक खोलीत झोपलेला असला, की त्या मुलाचा गृहपाठ ती वर्गातच करून घ्यायची.

“ही शाळा आहे की कंपनीचं गेट?” बाई फणकारल्या. “असले लाड केलेस तर डोक्यावर बसतील!”

मिनलने तक्ता भिंतीवर तसाच ठेवला. ते बाईंना जास्तच झोंबलं.

पाठ बघायच्या दिवशी काय शेरा मारायचा, हे बाईंनी घरून निघतानाच ठरवलं होतं. मागच्या बाकावर बसून पाच मिनिटं होतात न होतात तोच त्या कडाडल्या, “गोंगाट बंद! सगळे उभे राहा!”

वर्ग चिडीचूप झाला, पण एकही मूल उठलं नाही. बेचाळीस माना मिनलकडे वळल्या. तिने नुसती मान हलवली, तेव्हा सगळी एकदम उठली.

बाईंचे कान तापले. त्यांनी वही उघडली आणि ठरवलेला शेरा दाबून लिहिला: ‘वर्गावर ताबा नाही.’