वीरगळातला हितेश

मनाली निजामपुऱ्याजवळच्या एका दुकानात फ्लेक्सचे बॅनर बनवायची. वाढदिवस, पक्षप्रवेश, पुण्यस्मरण. घरी आली की स्वतःची चित्रं काढायची. लेण्यांतली, दगडांवरली जुनी माणसं ती आजच्या कपड्यांत बसवायची. लोनाडच्या लेण्यातला राजा तिनं प्लास्टिकच्या खुर्चीत बसवला होता आणि चवरी ढाळणारीच्या हाती टेबलफॅन दिला होता.

कोन या गावाजवळच्या तिच्या खेड्यात देवळामागे एक वीरगळ आहे. तीन खणांचा दगड. खाली लढाईत पडलेला वीर, मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर महादेवाची पूजा करणारा तोच वीर. धाकटा भाऊ हितेश एकदा म्हणाला होता, "ताय, मला काढशील तर घोडा नको. बुलेट दे."

गेल्या वर्षी हितेश गोडाऊनमध्ये कोसळलेल्या रॅकखाली सापडून गेला. त्यांच्याच शेतावर वडिलांनी, केसरीनाथांनी, बांधून कंपनीला भाड्यानं दिलेलं गोडाऊन. हितेश तिथं सुपरवायझर होता. तो जागीच गेला, त्याला काही कळलंही नाही, असं घरी सांगण्यात आलं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे केसरीनाथ म्हणाले, "बाय, हितेशचा बॅनर तूच कर. मोठा कर."

मनालीनं वीरगळच काढायचा ठरवला. खालच्या खणात वाकलेले रॅक, फुटलेली खोकी, मधे हितेश. मागं उभी राहून बघणाऱ्या आईनं, गुणाबाईनं, विचारलं, "आनि याला उचलला कोनी?"

घरात कुणालाच माहीत नव्हतं. मनाली सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गोडाऊनच्या गेटवर जाऊन चौकशी करू लागली. खोक्यांवर लेबलं लावणारी धोंडूबाई तिला बाजूला घेऊन गेली.

"मी व्हती, आनि एक बिहारी बाय. ती गेली तिच्या गावाला. ताडपत्रीत घातला त्याला. मागच्या शटरला कुलूप. मंग अख्खा गोडाऊन फिरून पुढच्या गेटला आनला. पानी मागत व्हता."

"बोलत होता?"

"गेटपर्यंत. मंग न्हाय."

धोंडूबाईचं बोलणं मनालीनं आईच्या कानावर घातलं आणि मधला खण काढला. साडीवर सेफ्टी जॅकेट घातलेल्या दोन बायका, हातात ताडपत्रीची टोकं. बिहारी बाई तिनं पाहिली नव्हती, तिचं तोंड पदराआड ठेवलं. धोंडूबाईचा चेहरा चित्रात हुबेहूब आला. मागं शटर, शटरला कुलूप.

केसरीनाथ चित्र बराच वेळ बघत राहिले. गोडाऊनच्या मागं चुलत भावांची जमीन होती आणि मागचं शटर ज्या रस्त्यावर उघडायचं त्याच्या हक्कावरून त्यांच्याशी भांडण चाललं होतं.

"कुलूप काढून टाक यातला," ते म्हणाले.

"बाबा, ते होतं."

"माहीत हाय मला. मीच लावलेला."

उंबऱ्याशी वाल सोलत बसलेल्या गुणाबाईचे हात थांबले. "आनि जागीच गेला असा मला कशाला सांगितलास?"

केसरीनाथांनी चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दुसऱ्या दुकानातून आणलेला बॅनर लागला. गॉगल घातलेला हितेश, खाली कमळ, मागं निळं आभाळ.

रागाच्या भरात मनालीनं आपलं चित्र स्टेटसला ठेवलं. ते गावागावांत फिरलं. लोकांनी हात जोडले, शाबासकी दिली. ते लेबर कॉन्ट्रॅक्टरपर्यंतही पोचलं. त्यानं धोंडूबाईला ओळखलं आणि आतली गोष्ट बाहेर सांगितली म्हणून तिला ड्युटीवर येऊ नको असं सांगितलं.

मनाली आईला घेऊन धोंडूबाईच्या पाड्यावर गेली तेव्हा ती घराच्या दारात बसली होती.

"माझा तोंड कशाला काढलास, बाय?"

"मी पुसते. सगळीकडून काढायला सांगते."

"आता पुसून काय."

गुणाबाई तिथंच जमिनीवर टेकली. "त्यानं माझा नाव घेतला व्हता का ग?"

धोंडूबाईनं आठवून पाहिलं. "मला आठवत न्हाय. खोटा कशाला सांगू."

गुणाबाईनं मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. वर्षभरात ती लोकांसमोर पहिल्यांदाच रडली. धोंडूबाई उठून तिच्याशेजारी येऊन बसली.

मनालीनं ओळखीच्या गोडाऊनांत शब्द टाकून पाहिला. चित्र सगळ्यांच्याच फोनमध्ये होतं, कुणी धोंडूबाईला घेतलं नाही. ती आता शेलार गावाकडे वीटभट्टीवर कामाला जाते. वरच्या खणासाठी मनाली कितीदा तरी बसली. पिंडीसमोर हात जोडलेला हितेश तिला अजून जमलेला नाही.