तोंडात काय आहे, विलासभाऊ?

बराफू कॅम्पवर मी विलासभाऊंची सॅक उपडी केली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मोजे, कानटोपी, शेंगदाण्याच्या चटणीची डबी, औषधांचा पाऊच, सगळं तंबूत पसरलं. मी खर्रा शोधत होते.

ज्यांना खर्रा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटतात, तो खर्रा. आमच्या वऱ्हाडात माणूस जेवण विसरेल, खर्रा विसरणार नाही. तो गालात असला की माणूस हनुवटी वर करून, ओठ मिटून बोलतो. ही भाषा आम्हाला लहानपणापासून कळते. बडनेऱ्याचा ऑटोवाला नुसता 'हूं हूं' म्हणाला तरी भाडं किती ते आम्ही बरोबर ओळखतो.

मी अमरावतीची. शाळेत पीटी शिकवत होते, ते सोडून ट्रेक लीडर झाले. किलीमांजारोची ही माझी चौथी बॅच. आफ्रिकेतला हा सगळ्यात उंच डोंगर. चढायला दोर लागत नाहीत, सहा-सात दिवस नुसतं चालायचं, म्हणून लोकांना सोपा वाटतो. त्रास असतो तो विरळ हवेचा.

या वेळी क्लायंट पाच. त्यातले विलासभाऊ अकोल्याचे, बियाण्यांचं दुकान, वय बावन्न. त्यांच्या तंबूत रशीदभाई, मूर्तिजापूरचे, ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट विकतात. दोघे कॉलेजपासूनचे दोस्त.

चिखलदऱ्याला प्रॅक्टिस ट्रेक केला तेव्हा मी विलासभाऊंना खर्रा खाताना पकडलं होतं. तंबाखूने भूक मरते, आणि उंचावर जो जेवत नाही तो चालू शकत नाही.

"ताई, मायची शप्पथ, आता नाई खात," ते म्हणाले.

"डोंगरावर सापडलात तर खाली पाठवीन," मी म्हटलं.

शप्पथ ऐकून मी अजून सावध झाले. खर्रा सोडायची शप्पथ घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. सोडणारे कमी.

किलीमांजारोवर दुसऱ्याच दिवशी तंबूंच्या मागे एका दगडावर लाल पिचकारी दिसली. ती टांझानियाच्या कोणाची नव्हती, हे सांगायला डिटेक्टिव्ह लागत नाही. तिसऱ्या दिवशी मी जवळ गेले तर विलासभाऊ आणि रशीदभाई बोलता बोलता एकदम गप्प झाले.

"काय चाललंय?"

"काई नाई ताई, हवामानाची गोष्ट करून रायलो," रशीदभाई म्हणाले.

हवामानावर बोलणारी दोन वऱ्हाडी माणसं अशी गप्प होत नाहीत. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

रोज संध्याकाळी आमची तपासणी असते. ऑक्सिमीटर नावाचा चिमटा बोटाला लावला की रक्तात प्राणवायू किती ते कळतं. मग डोकं दुखतं का, मळमळतं का, जेवण गेलं का, हे विचारायचं. चौथ्या संध्याकाळी विलासभाऊंचा आकडा बाकीच्यांपेक्षा जरा कमी होता. ताटही अर्धं टाकलेलं. "डोकं नाई दुखत," ते म्हणाले. मी वहीत लिहिलं. पण माझं लक्ष त्यांच्या आकड्याकडे नव्हतंच, ते होतं त्यांच्या गालाकडे. भूक का मेली याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

पाचव्या दिवशी बराफूला पोचलो. स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फ, शब्दही आपल्यासारखाच. उंची साडेचार हजार मीटरच्या वर. इथून मध्यरात्री शिखराकडे निघायचं असतं. विलासभाऊ सगळ्यांच्या मागून तासाभराने आले.

"बरे आहात ना?" मी विचारलं.

त्यांनी काहीतरी उत्तर दिलं. जाड, चिकट, एकही शब्द सुटा नाही. पुन्हा बोलले, पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं.

"आधी थुकून या, मग बोला!"

 ते दगडावर बसले.

आमचा मुख्य गाइड बराका. याच डोंगरावर त्याची निम्मी हयात गेली आहे. तो इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, याची जीभ जड झाली आहे."

मी हसले. त्याला खर्रा म्हणजे काय ते समजावून सांगितलं, गाल फुगवून दाखवलासुद्धा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही तो त्याच्या तोंडात पाहिला?"

"बघायची गरजच नाही. मी त्याच भागातली आहे."

आणि मी सॅक तपासायला गेले. सॅकमध्ये काही नव्हतं. मी गाद्या उचलल्या, बूट झटकले. अर्ध्या तासाने रशीदभाईंच्या स्लीपिंग बॅगच्या तळाशी चार पुड्या सापडल्या. इतका आनंद झाला म्हणून सांगू! पुड्या नाचवत मी बाहेर आले.

बराकाने पुड्यांकडे पाहिलंही नाही. विलासभाऊंच्या समोर बसून त्याने टॉर्च लावला होता. "तोंड उघडा," त्याने खुणेने सांगितलं. त्यांनी उघडलं. मी वाकून पाहिलं.

तोंड स्वच्छ होतं. दोन्ही गाल रिकामे. जीभ कोरडी पडलेली.

मग बराकाने मातीत काठीने सरळ रेघ ओढली आणि तिच्यावरून टाचेला बोट लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला विलासभाऊ आडवे झाले. त्याने धरलं म्हणून डोकं वाचलं. बोलणं जड, तोल गेलेला, भूक नाही: उंचीमुळे मेंदूला सूज आली की असं होतं. त्यावर औषध एकच, ताबडतोब खाली उतरणं. उशीर झाला तर माणूस झोपेतच जातो.

रशीदभाईंचा चेहरा उतरला होता. "ताई, पुड्या माह्या हायेत. विलास तर मले फेकून दे म्हणत होता. सकाळपासून तो वाकडातिकडा चालून रायला होता. मले वाटलं, माह्यातलाच खर्रा घेतला त्यानं, म्हणून गरगरते."

"मग बोललात काहून नाही?" मी ओरडले.

"तुमी मले खाली पाठवलं असतं ना!"

मग कोणी बोलत बसलं नाही. मी डेक्साचं इंजेक्शन दिलं. या औषधाने सूज थोडी आवरते, पण उतरण्याला ते पर्याय नाही. ऑक्सिजन लावला. एका चाकाच्या स्ट्रेचरवर त्यांना बांधून बराका, चार पोर्टर आणि मी उतरायला लागलो. रशीदभाई आपणहून सोबत आले, शिखर सोडून. वाटभर मी विलासभाऊंना नाव विचारत होते, गाव विचारत होते. आठशे मीटर खाली आल्यावर ते स्पष्ट म्हणाले, "अकोला. किती खेपा इचारता, ताई?" मला तिथेच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या हाताला धरून चालत डोंगराच्या पायथ्याच्या गेटपर्यंत आले. बाकीचे तिघे दुसऱ्या गाइडबरोबर शिखर करून परतले. मोशी शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, लक्षणं दिसल्यावर उतरायला लागेपर्यंत किती वेळ गेला? मी म्हटलं, अर्धा तास. त्यांनी मान वर करून पाहिलं. कशामुळे, ते मी सांगितलं नाही.

हॉटेलात चहा घेताना विलासभाऊ म्हणाले, "एकच आठवते मले. मी म्हणून रायलो होतो, मले खाली न्या. दोनदा म्हटलं. जीभच वळेना. अन् तुमी म्हणता, थुकून या!"

ते पोट धरून हसले. रशीदभाईही हसले. मला हसता आलं नाही. माणूस जीव वाचवा म्हणत होता आणि मी त्याची चोरी पकडत होते.

विलासभाऊंनी तेव्हापासून खरंच खर्रा खाल्लेला नाही. रशीदभाई खातात. मी अजूनही वऱ्हाडातल्याच बॅचेस नेते आणि संशयही तेवढाच घेते, तो काही जात नाही. फक्त आता आधी तोंड बघते, मग बॅग. तोंड बघायला दहा सेकंद लागतात.