मागची पाळी कधी आली, हे विचारणाऱ्या साळवे सिस्टर

आदरणीय शकुंतलाताई साळवे, म्हणजे आम्हा सर्वांच्या साळवे सिस्टर, यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा विषयही सुचवला होता : सिस्टरांचा मायाळू स्वभाव. विषय चांगला आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला मात्र सिस्टर पहिल्यांदा भेटल्या त्या रागावलेल्या. पुढेही माझ्या उपयोगी पडला तो त्यांचा रागच. म्हणून समितीची क्षमा मागून मी त्यावरच लिहिते.

वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. सिस्टर इथल्या उपकेंद्रात बदलून आल्या तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मुलींना लोहाच्या गोळ्या द्यायला त्या शाळेत आल्या होत्या आणि त्याच दिवशी मी फळ्यावर गणित लिहिता लिहिता चक्कर येऊन खाली बसले. मुली धावत जाऊन त्यांना घेऊन आल्या. सिस्टरांनी रक्तदाब पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली आणि सकाळपासून काय खाल्लं ते विचारलं. मी खरं ते सांगितलं. सासूबाईंनी एका महाराजांकडून व्रत आणलं होतं : एक वेळचं बिनमिठाचं जेवण आणि सकाळी उपाशीपोटी चिमूटभर अंगारा. मूल व्हावं म्हणून.

सिस्टरांनी अंगाऱ्याबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “मागची पाळी कवा आल्ती, बाई?”

दोन महिने झाले होते की तीन, आठवत नव्हतं. माझी पाळी कॉलेजपासून तशीच होती. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. हनुवटीवर केस यायचे, ते मी न्हाणीघरात दोऱ्याने काढायची. लग्नाआधी आईने एका डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी मान वर न करता सांगितलं की लग्न झालं की सगळं ठीक होतं. लग्न झालं. मग गावातल्या प्रत्येक बाईने, नळावर, दुकानात, शाळेच्या फाटकात, मला ‘काही आहे का’ म्हणून विचारलं. पाळी येते का, हे एकीनेही विचारलं नव्हतं.

“चार वर्सांत कुणीच न्हाई इचारलं?” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी गोळ्यांचा डबा इतक्या जोरात मिटला की वर्गातल्या मुली वळून पाहू लागल्या. तो राग माझ्यावर नव्हता, हे समजायला मला थोडा वेळ लागला. माझ्यासाठी कुणी रागावलंय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

त्यांनी मला सोमवारी उपकेंद्रात बोलावलं, नवऱ्याला घेऊन. माझे पती दत्तात्रय यांचं हायवेला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. त्यांनी यायला साफ नकार दिला. आपल्यात काय खराबी असणार, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंनी तर घर डोक्यावर घेतलं. पुरुषाला तपासायला सांगणारी ही कोण, म्हणून. मी एकटीच गेले. सिस्टरांनी माझी नोंद केली, मला घरी पाठवलं आणि स्वतः दुकानात गेल्या. पुढचं मला यांनीच नंतर सांगितलं. गिऱ्हाईक जाईपर्यंत सिस्टर बाकावर बसून राहिल्या आणि मग शांतपणे म्हणाल्या, “दत्ताभाऊ, शेताला पाणी येईना म्हणून माणूस तुमच्याकडं आला, तर तुम्ही बोअर बघता, मोटर बी बघता. घरी मात्र एकालाच दोष देऊन राह्यले.”

यांनी दुसऱ्याच आठवड्यात जालन्याला जाऊन तपासणी केली. अहवाल चांगला आला. आता सगळं माझ्याच माथी बसणार, असं वाटलं. सिस्टरांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या की झालं ते बरं झालं, आता कुठं बघायचं ते बराबर कळलं.

त्या स्वतःची रजा टाकून माझ्यासोबत एसटीने जालन्याला आल्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर ‘पीसीओएस’ असं लिहिलं, वजन कमी करा म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलवायला घंटी वाजवली. मी उठलेही. सिस्टर उठल्या नाहीत. त्यांनी अत्यंत अदबीने विचारलं की वजन किती कमी करायचं, काय खाऊन करायचं, आणि ते होईपर्यंत या बाईला झालंय काय हे तिला कोण सांगणार. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं नाही. शेवटी डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली आणि त्या पाच मिनिटांत मला जे कळलं ते लग्नाआधीच, आईच्या शेजारी बसून, कळायला हवं होतं. माझ्या बीजकोशात बीज वाढायला लागतं, पण पूर्ण तयार होऊन दर महिन्याला बाहेर पडत नाही. म्हणून पाळी लांबते, म्हणून दिवस राहत नाहीत. केस, वजन, सगळं त्याच बिघाडाचं. त्यावर औषधं आहेत. परतीच्या एसटीत मी रडले ते दुःखाने नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी मी चार वर्षं बोलणी खाल्ली होती, अंगारा खाल्ला होता.

उपचार सुरू झाला. सिस्टर रोज पहाटे माझ्यासोबत कालव्याच्या रस्त्याने चालायला यायच्या. मास्तरीणबाई आता बारीक होऊन कुणाला दाखवणार, असं पारावरून कुणी बोललं की त्या तिथेच थांबायच्या, बोलणाऱ्याला नावाने हाक मारायच्या आणि बायकोला शुगर तपासायला उपकेंद्रात पाठवा म्हणून सांगायच्या. दोन आठवड्यांत पार गप्प झाला. पाळीच्या ठरलेल्या दिवशी गोळ्या सुरू करायच्या, मग बीज वाढलं का ते पाहायला सोनोग्राफी, मग वाट. तीन महिने काही झालं नाही. चौथ्या महिन्यात दिवस राहिले आणि दुसरा महिना सरता सरता गर्भ पडला.

मी अजून अंथरुणावर होते आणि माझ्याच घराच्या ओसरीत बैठक बसली. सासूबाई, यांच्या आत्याबाई, दोन-तीन कारभारी माणसं. आत्याबाईंनी एक मुलगी पाहून ठेवली होती. पहिलीने सही दिली की दुसरी करता येते, असं कुणीतरी सांगत होतं, आणि ती सही मी द्यायची होती. मला आतून सगळं ऐकू येत होतं. हे दाराशी उभे होते, आणि गप्प होते.

सिस्टर माझी तब्येत बघायला आल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, ओसरीत उभ्या राहिल्या आणि बैठकीचा विषय काय म्हणून विचारलं. विषय त्यांना अंगणातच ऐकू आला होता; उत्तराची वाट न पाहता त्याच बोलल्या.

“पहिलीच्या सहीनं दुसरं लगीन कायद्यात बसत न्हाई, हा गुन्हा हाये. आन दुसरीला बी हाच आजार निघाला, मंग? तिसरी आणणार? आत एक बाई लेकरू गमावून पडली, तिला पाणी तरी कुणी दिलं का?”

कुणीही दिलं नव्हतं. सिस्टर आत आल्या, माठातलं पाणी घेऊन मला पाजलं. हेही आमच्या घरात साधं नव्हतं. सासूबाई सिस्टरांच्या हातचा चहा घेत नसत. सिस्टर बौद्ध आहेत, एवढंच त्याचं कारण. हे या ग्रंथात छापलं जावं अशी माझी इच्छा आहे. त्या दिवशी आमच्या माठाला हात लावताना सिस्टरांनी सासूबाईंकडे सरळ पाहिलं, आणि सासूबाईंनी नजर खाली केली.

बैठक उठल्यावर हे म्हणाले, “मला दुसरं लगीन करायचं न्हाई.” बोलले याचं मला समाधान आहे. एवढा वेळ का लागला, याचा राग अजून आहे, आणि तो त्यांना माहीत आहे.

अंगणवाडीतल्या रेखाताईंचा इथे उल्लेख केलाच पाहिजे, नाहीतर सिस्टर मला माफ करणार नाहीत. त्यांनाही हाच आजार. उपचारही तेच आणि सिस्टरांचे हेलपाटेही तेवढेच. त्यांना मूल झालं नाही. एका टप्प्यावर रेखाताईंनी आता पुरे म्हटलं, तेव्हा घरचे आणखी एका मोठ्या शहरातला पत्ता घेऊन बसले होते. सिस्टर त्यांच्या घरी जाऊन सांगून आल्या की शरीर तिचं आहे, थांबायचं कधी हेही तीच ठरवणार. पुढे गावातल्या एका डोहाळजेवणाला रेखाताईंना वगळल्याचं कळलं, तेव्हा सिस्टर त्यांना सोबत घेऊन गेल्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी बसल्या. ज्यांना मूल झालं त्यांचेच लेख घेऊ नका, असं त्यांनी या समितीला बजावल्याचं मला रेखाताईंनीच सांगितलं.

मला पुढच्या वर्षी पुन्हा दिवस राहिले. साखर वाढली, पाय सुजले, सिस्टर दर आठवड्याला दारात. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली.

आणि आता जे मी तेरा वर्षं कुणाला सांगितलं नाही ते.

बारशाला घर भरलं होतं. सासूबाईंनी महाराजांची तसबीर पाटावर मांडली, हार घातला, पहिला पेढा तिथे ठेवला आणि आल्या-गेल्याला सांगितलं की अंगाऱ्याने गुण आला. लोकांनी तसबिरीला हात जोडले. सिस्टर आल्या तेव्हा त्यांचं ताट बाहेर पडवीत वाढलं गेलं, एकटीचं. त्या बसल्या. जेवल्या. बाळाच्या हातात टोपडं ठेवून, लसीची तारीख सांगून गेल्या. मी सगळं आतून पाहत होते. मी उठून ताट आत आणू शकत होते. त्या तसबिरीपुढे उभं राहून एक वाक्य बोलू शकत होते. मी बाळाला पाजत बसले. इतरांवर मी पुष्कळ रागावले आहे, पण सगळ्यात जास्त राग मला त्या दिवशीच्या स्वतःचाच आहे.

दीड महिन्याच्या लसीला गेले तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं. सिस्टर बाळाच्या मांडीला कापूस लावत होत्या. “मला राग आल्ता,” त्या म्हणाल्या. “लई आल्ता. पण लेकराची लस त्यात चुकवायची का?”

हा लेख पाठवण्याआधी मी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्या आता थकल्या आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. महाराजांचा भाग झाला, बैठकीचा झाला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं,

“ताटाचं बी छापणार?”

“हो.”

त्यांनी पदराचं टोक चाळवलं. मग म्हणाल्या, “छाप. आन सत्काराला मला बी घेऊन चल. सिस्टरला जेवायला बलवायचं हाये. आत.”

सिस्टर, याल की नाही हे तुम्ही ठरवायचं; नाही म्हणालात तरी आम्हाला बोलायला तोंड नाही. तुमचे गुडघे दुखतात, तरी उपकेंद्रातल्या नव्या मुलींना शिकवायला तुम्ही अजून पायी जाता, असं ऐकते. रिक्षा करत जा. औषधं वेळेवर घ्या. तुम्हाला भरपूर आयुष्य आणि धडधाकट शरीर लाभो. अजून पुष्कळ ओसऱ्यांत तुम्हाला उभं राहायचं आहे, आणि आता तुमच्या शेजारी आम्हीही उभ्या राहू.