कालिंदीची शेवटची ओळ

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. तारळेकर वकिलांच्या वेताच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर आडवा होतो आणि पापण्या जड होतात. ही खुर्ची न्यायला वकील संध्याकाळी येणार आहेत. माझी बायको कालिंदी जन्मांध. चाळीस वर्षं तिने खुर्च्या विणल्या, पण एक ओळ कधी चुकली नाही. ही शेवटची खुर्ची विणून झाली आणि आठवड्यात ती गेली. हिची कडेची ओळ मात्र चुकलीय. पट्टी खालून जायची तिथे वरून गेलीय. उसवावी तर तिच्या हातचं मोडतं, तशीच द्यावी तर लोक तिच्या कामाला नावं ठेवतील. महिना झाला, माझं काही ठरत नाही.

कालिंदी खुर्चीपाशी बसलीय. ती इथे कशी, हे विचारायचं मला सुचतच नाही. तिची बोटं बैठकीवरून फिरतात आणि कडेला थांबतात.

"हे कुणी विणलंय?"

"मी," मी ठोकून देतो.

"तरीच! डोळे असून आंधळे आहात अगदी."

ती हसते.

आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात चालतोय. भिंतीला लागून खुर्च्याच खुर्च्या, एकीलाही बैठक नाही. माझ्या दंडावरचा तिचा हात सुजलेला आहे, सुईची चिकटपट्टी अजून तशीच.

"अहो, शेवटी शेवटी बोटांना काही लागतच नव्हतं," ती म्हणते. "तुम्हाला बोलले नाही."

म्हणजे तिला सगळं कळलंय.

"राहू दे ना ती ओळ," मी म्हणतो. "वकिलांना दुसरी खुर्ची घेऊन देतो. तुझं दुसरं काय आहे माझ्यापाशी?"

"लोकांनी बसायची खुर्ची तुम्ही रडायला ठेवणार?" तिचा आवाज चढतो आणि लगेच उतरतो. "माझी चूक नका हो जपू."

व्हरांड्यात घोटाभर पाणी आहे. त्यात वकिलांची खुर्ची उभी. ती ओंजळीने पाणी खुर्चीच्या बैठकीवर शिंपडते, वेत मऊ व्हायची वाट बघते. मी तिला थांबवत नाही.

जाग येते. चार वाजलेत. खुर्चीच्या कडेची एक ओळ रिकामी आहे. तिथे नवी पट्टी घालता येईल. माझ्या मुठीत जुनी पट्टी आहे, ओली. टोकापासून टोकापर्यंत मी ती बोटांनी चाचपून बघतो. कुठेही चिरलेली नाही. आजवर कुठल्याही खुर्चीची पट्टी मी उसवायला बसलो की दर वेळी तुटायची.